मागचा डबा

६ नोव्हेंबर, रविवार

प्रिय बफर,

पत्राच्या आरंभी खुशाली विचारावी आणि आपली कळवावी, हे शाळेत आपल्याकडून इतकं घोटून घेतलंय की ते टाळून पुढे जायला हात धजत नाही. तर आम्ही दोघं बरे आहोत. हिचे गुडघे थंडीची वर्दी आठवडाभर आधी देतात. माझ्या चष्म्याचं भिंग आणखी जाड झालंय. ही म्हणते, आता नुसता चष्मा पाठवला तरी लोक तुम्हाला ओळखतील. तू कसा आहेस ते विचारणार होतो, पण काल संध्याकाळी तुला डोळ्यांनीच पाहिलं, म्हणून हे पत्र.

माझं अक्षर बघून पाकीट दोनदा उलटंपालटं केलं असशील. कर. इतक्या वर्षांनी लिहितोय, तेवढा हक्क तुला आहे. पत्ता कुठून मिळाला म्हणशील, तर तू लेकीकडे राहायला गेलास त्याच आठवड्यात मी तो उतरवून घेतला होता. वापरला नाही, इतकंच.

आता कालची हकिगत. रेल्वेगाड्यांवरचा कार्यक्रम टीव्हीवर लागणार हे कळल्यापासून आपल्या रेल्वेवेड्यांच्या मंडळात कोणाचं जेवणात लक्ष नव्हतं. आपल्या टीव्हीवाल्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, भिंतीवरचे सगळे टीव्ही त्या एकाच वाहिनीवर लावले आणि आम्हाला वॉशिंग मशीनच्या खोक्यांवर बसवलं. दातांच्या डॉक्टरांनी घरून खुर्ची आणली होती. अध्यक्ष ते, खोक्यावर कसे बसतील? कॅशियर नेहमीसारखा दाराशी, म्हणजे कार्यक्रम टाकाऊ निघाला तर उठून जाता यावं. गाण्याच्या बाई अगदी पुढे, कान टवकारून. आणि प्रत्येकाच्या गळ्यात गार्डची शिटी.

ती पद्धत आम्ही सोडलेली नाही. रेल्वेबद्दल कोणी काही चुकीचं दाखवलं की शिटी फुंकायची, पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून चुका तपासायच्या आणि ज्याने त्या केल्या त्याला दुरुस्तीपत्र पाठवायचं. तूच सुरू केलेलं हे सगळं. शिवाय तुझा तो एक नियम, की एखादी चूक जिवंत माणसाबद्दल असेल आणि तो माणूस आपल्यातला असेल, तर त्याच्या सहीशिवाय ती पत्रात घालायची नाही. त्या नियमाचा उपयोग आजवर कधी पडला नव्हता.

कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच दृश्याला शिट्या. पडद्यावर डिझेलचं इंजिन आणि त्याच्या तोंडी वाफेच्या इंजिनाची शिटी घातलेली. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "याचा गळा खर्जातला. हा पंचमात कसा ओरडेल?" मग एक गाडी बोगद्यात तपकिरी डब्यांनिशी शिरली आणि निळ्या डब्यांनिशी बाहेर आली. कॅशियर म्हणाला, आत रंगकाम चालतं वाटतं. निवेदकाने गार्डला कंडक्टर म्हटलं तेव्हा डॉक्टर इतके दुखावले की त्यांना शिटीही फुंकवेना. त्यांचे वडील गार्ड होते, तुला ठाऊकच आहे.

तोच निवेदक एकदा रुळांना 'क्षितिजाच्या केसांतला भांग' म्हणाला. सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण मनातून मला ते आवडलं. शाळेतल्या कवितांनी माझी चव जी बिघडवली ती बिघडवलीच. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलं, दुसऱ्याच्या वेलांट्या सरळ केल्या, तरी चांगली उपमा दिसली की माझी पेन्सिल आपोआप थांबायची.

आणि मग तू आलास. सगळ्या पडद्यांवर एकदम तू. मागे खिडकी, खिडकीशी झाकलेलं शिलाईचं मशीन, अंगात पांढरा शर्ट. कॅशियरदेखील दार सोडून आत आला. तू केवढा रोडावलास रे? बफर हे नाव आता कोणाला पटायचं नाही. पण आवाज तोच. गाडी भुजंगप्रयात वृत्तात चालते हे आपण वर्गात उभं राहून कसं सांगितलं होतं, ते तू अस्सं रंगवून सांगितलंस. टेबलावर बोटांनी ठेका धरून म्हणूनही दाखवलंस:

निघाली निघाली धुराची सवारी
कुठे रे निघाली? विचारा दुपारी

पहिली ओळ माझी, दुसरी तुझी. दुपारी का विचारायचं, असं गुरुजींनी विचारल्यावर तू म्हणाला होतास, "यमक दुपारीच जुळतं, गुरुजी." गाण्याच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता हा पडद्यातून हात काढून माझ्या पाठीत एक ठेवून देणार.

शर्टाचं एक बटण वरखाली लागलं होतं तुझ्या. घाईत असशील.

त्यानंतर तू आपल्या फाट्याच्या रेल्वेमार्गावरच्या वाफेच्या शेवटच्या गाडीबद्दल बोललास. चाळीस वर्षं झाली असतील तिला. माझं आणि हिचं नाव घेऊन तू म्हणालास, तेही त्या गाडीत होते. आणखीही थोडं बोललास. कॅशियरने शिटी वाजवली, पण फार हळू, जणू ती ओठांतून नुसतीच सुटली. मग कोणी माझ्याकडे बघितलं नाही. जाहिराती लागल्या.

येत्या रविवारी दुरुस्तीपत्र तयार होईल. वाहिनीने म्हणे कबूल केलंय की मंडळाने कळवलेल्या चुका त्यानंतरच्या भागाच्या शेवटी वाचून दाखवू, नावानिशी. डॉक्टर खूश आहेत, मंडळाचं नाव होईल म्हणून. तुझी चूक त्यात जायची की नाही ते माझ्या सहीवर आलंय.

तू तसं का म्हणालास ते मी विचारत नाही. तब्येत जप. लेकीला आशीर्वाद. जमलं तर दोन ओळी लिही, नाहीच जमलं तर लिहायचं मनात होतं एवढं तरी कळव.

तुझा,
सिग्नल


१७ नोव्हेंबर

चि. ट्रॉली हिला,

चाळिशी उलटलेल्या, घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला या नावाने हाक मारणं शोभत नाही, हे कळतं मला. पण इंजिनामागे ट्रॉली धावावी तशी तू बाबांच्या मागे धावायचीस, म्हणून आम्ही ठेवलेलं ते नाव. दुसरं माझ्या लेखणीतून उतरत नाही. राग मानू नकोस.

तुझं पत्र शनिवारी पोचलं, म्हणजे आमच्या बैठकीच्या आदल्या दिवशी. ते वेळेवर आलं, फार बरं झालं. दोन वर्षांपासून बाबांचं विसरणं वाढलंय, कालचं राहत नाही आणि जुनं मात्र सोन्यासारखं लखलखीत सांगतात, म्हणून टीव्हीवाल्यांना तू घरात येऊ दिलंस, हे वाचलं. खरं सांगू? ते मला दुकानातच कळलं होतं. इतर सगळे डबे, रंग आणि शिट्या बघत होते. मी शर्ट बघत होतो. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, त्याचं बटण चुकीच्या काजात जाणार नाही, डोक्यात काही हललं असल्याशिवाय. त्याला घाईत असशील असं लिहिलं.

माझं पत्र त्याने दोनदा वाचून घेतलं आणि मग 'सिग्नल अजून आला नाही का' असं विचारत दाराशी जाऊन उभा राहिला, हे तू लिहिलंयस. ते वाक्य मी हिला वाचून दाखवलं नाही. माझं मलाच पुरं वाचता आलं नाही.

तू माझी क्षमा मागितली आहेस. बाबा भलतंसलतं बोलले, काका, तुमची जखम उघडी केली, तुम्ही खुशाल दुरुस्ती पाठवा, आम्ही समजून घेऊ, असं तुझं म्हणणं. आणि शेवटी सहज म्हणून लिहिलंयस की, त्या पिवळ्या फ्रॉकचं काही कळत नाही, माझा पिवळा फ्रॉक कधीच नव्हता, मला तो रंग आवडायचाच नाही.

तेव्हा आता तुला सांगायला हवं. बाबांना लिहिलेल्या पत्रात मी ते गाळलं होतं. पडद्यावर तो म्हणाला होता ते शब्दशः असं: "सिग्नल होता, वहिनी होत्या, आणि त्यांची पोर. पोर खिडकीत बसली होती. पिवळा फ्रॉक, मीच शिवलेला. वाढत्या अंगाचा."

आम्हाला मूल नाही हे गावाला ठाऊक आहे.

त्या शेवटच्या गाडीने सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं होतं. हिला तेव्हा सातवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी जा म्हटलं होतं, तासाभराचाच प्रवास. तुझे बाबा पहाटे जाऊन खिडकीच्या जागांवर रुमाल टाकून बसले. त्याच्या आधी किती तरी दिवस त्यांचं चाललेलं, मुलगीच होणार, फ्रॉक मीच शिवणार. ही चिडवायची, माप कुठून आणणार भाऊजी? तर म्हणायचे, "माप कशाला? वाढत्या अंगाचा शिवतो, चार वर्षं पुरेल."

सकाळी निघताना ही चप्पल घालायला वाकली आणि तशीच खाली बसली. शेजाऱ्याच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. गाडी सुटल्याची शिटी तिथपर्यंत ऐकू आली. लांब, मग तुटक, मग पुन्हा लांब. आयुष्यात एकच शिटी अशी, जी ऐकून कुठल्या इंजिनाची ते मी मनाशी म्हटलं नाही.

मुलगी झाली. रडली नाही. नर्सने कापडात गुंडाळून मला दाखवली. हिला दाखवली नाही. तेव्हा दाखवत नसत, आईच्या जिवाला लागतं म्हणत. या गोष्टीबद्दल हिने मला आजवर विचारलं नाही आणि मी आजवर सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधं आणायला निघालो, तर चहाच्या दुकानाशी सगळी मंडळी. कॉलरवर कालची कोळशाची काजळी, रात्रभर गप्पांचं जागरण. तुझे बाबा माझ्यासाठी दोन जागा धरून वाटभर भांडत गेले होते. माझ्या हातात औषधांची चिठ्ठी बघून सगळ्यांदेखत म्हणाले, "निरोप तरी धाडायचास. आजारपण पुन्हा येतं, गाडी पुन्हा यायची नव्हती." त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी कळलं. दिवेलागणीला ते आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, काखेत कागदाचं पुडकं. हिचे कपडे न्यायला मी घरी आलो होतो, वरून बघत होतो. ते वर आले नाहीत आणि मी खाली गेलो नाही. पुढे आमचं बोलणं व्हायचं, पण फक्त गाड्यांचं. असं करत करत म्हातारे झालो.

पिवळा रंग तुझ्या आवडीचा नव्हता, बाळ. तुझ्यासाठी नव्हताच तो.

आता रविवारचं सांगतो. डॉक्टरांच्या दवाखान्यात बैठक होती, ती दातांची खुर्ची, ते आरसे, तोंड धुवायचं भांडं. डॉक्टरांनी सगळ्या चुका वाचल्या. शेवटची वाचायला लागले आणि चष्मा पुसत राहिले. मग घाईघाईने वाचून टाकली: मंडळाच्या सदस्याचे कुटुंब सदर गाडीत असल्याचे विधान चुकीचे आहे. मला म्हणाले, "वाईट वाटतंय हो, पण चूक ती चूक. सही करा."

मी म्हटलं, "ती काढा."

"का?"

"चूक नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कॅशियर मात्र त्याच्या स्वभावाला जागला. म्हणाला, "सिग्नल, मी होतो त्या गाडीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो मी. तू नव्हतास."

बघ, जन्मभर मी मुद्रितं तपासली. एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला तर झोप लागत नसे. मंडळात माझ्या शब्दावर लोक पैजा लावायचे. आणि मी म्हणालो, "आम्ही मागच्या डब्यात होतो."

मी होतो म्हटलं नाही. आम्ही म्हटलं. सगळ्यांनी ते ऐकलं. गाण्याच्या बाईंनी डॉक्टरांच्या हातातला कागद घेतला, त्या ओळीवर रेघ मारली आणि म्हणाल्या, पुढचा विषय घ्या.

घरी येताना कॅशियर सोबत चालत आला. एरवी त्याचं घर उलट्या दिशेला. कोपऱ्यावर म्हणाला, "दुसऱ्या दिवशी दुपारी मी थर्मास घेऊन हॉस्पिटलात आलो होतो. तू बाकावर बसल्या बसल्या झोपला होतास. उठवलं नाही मी." मग तो म्हणाला, "मागच्या डब्यात त्या दिवशी फार गर्दी होती. दिसला नसशील मला." आणि वळला. हा माणूस मला चाळीस वर्षं तुसडा वाटत आला.

पण घरात शिरलो आणि खरी बैठक तिथे होती. हिला मी कार्यक्रमाचं काहीच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी ही बहिणीकडे होती, मी जपून मोघम बोललो होतो. आता लपवणं शक्य नव्हतं, बाहेरून कळलं असतं. सगळं सांगितलं. बाबा काय म्हणाले, मी काय म्हणालो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालायची थांबली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग त्या दिवशी माझ्यापाशी कोण होतं?"

ट्रॉली, तुझ्या बाबांची लाज राखायला मी तो दिवस देऊन टाकला आणि तो एकट्या माझा नव्हता. हिच्या आयुष्यातला सगळ्यांत अंधारा दिवस, त्यात एकच उजेड होता की मी बाकावरून हललो नाही. तोही मी चार लोकांसमोर पुसून टाकला. आज चौथा दिवस. ही बोलते, भाजी काय आणू, दिवा मालवा, पण ते बोलणं नव्हे.

तुझ्याकडे एकच मागणं. बाबा पुन्हा त्या गाडीबद्दल बोलले तर त्यांना दुरुस्त करू नकोस. आणि आम्हाला, निदान मला, येऊन जाऊ दे. ते मला बघून काय म्हणतील, ओळखतील की नाही, भांडण आठवेल की नुसती गाडी, काही सांगता येत नाही. त्यांनी मला माफ केलं की ते सगळं विसरले, हेही मला कधी कळणार नाही. कळायला हवं होतं असं पूर्वी वाटायचं.

तुझा काका,
सिग्नल


२४ नोव्हेंबर

प्रिय बफर,

तू आणि ट्रॉली दोघं बरे असाल. आम्हीही बरे आहोत. या वेळी हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही, सांभाळून लिहितोय.

शनिवारच्या भागात वाहिनीने आपलं दुरुस्तीपत्र वाचलं. शिटी, बोगद्यातलं रंगकाम आणि कंडक्टर, सगळं आलं. डॉक्टरांनी उभं राहून ऐकलं. तुझ्याबद्दल काही नव्हतं, कारण तू काही चुकीचं बोललाच नाहीस. हे तुला कळवायचं होतं. कोणी विचारलंच, तर सिग्नलची सही आहे म्हणून सांग.

आता हिचं. ही आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नव्हती, त्याचं कारण तुला लिहीत नाही, ते आमचं आमच्यात. काल दुपारी मी खिडकीशी बसून शाळेचं जुनं कवितांचं पुस्तक चाळत होतो. मन रमत नव्हतं, ओळी डोळ्यांखालून नुसत्या जात होत्या. ही समोर येऊन बसली. असं समोर येऊन ती क्वचित बसते. म्हणाली, "भाऊजी काय म्हणाले, ते पुन्हा सांगा."

सांगितलं.

"वाढत्या अंगाचा म्हणाले?"

हो म्हटलं.

ती खिडकीबाहेर बघायला लागली. समोरच्या गच्चीवर कोणी गाद्या वाळत घातल्या होत्या. मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी माझ्यापाशी होता. ते माझं आहे, ते मी कोणाला देणार नाही, तुम्हाला तर नाहीच नाही." मी मान हलवली. "पण भाऊजींनी तिला एक दिवस गाडीत बसवलं. इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणाला ते सुचलं नाही. तेही राहू दे."

दोन्ही कसं राहील, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाची खोड. पण नाही विचारलं.

तर आम्ही येतोय. दोघंही. येत्या मंगळवारच्या गाडीने, दुपारपर्यंत पोचू. ट्रॉलीने खोली लावून ठेवली आहे असं कळवलंय. तू दाराशी उभा राहू नकोस, पाय दुखतील. आत बस, आम्ही आत येऊ.

आणि एक सांगतो. मला त्या प्रवासातलं फार आठवत नाही. वय झालं, शिवाय मागच्या डब्यातून दिसतं तरी काय? तुला सगळं स्वच्छ आठवतंय. तेव्हा तूच सांगायचं. कुठे चढ लागला, कुठे धूर आत आला, तू कोणाशी जागेवरून भांडलास. हवं तसं सांग, हवं तितक्या वेळा सांग, आज एक आणि उद्या दुसरं सांगितलंस तरी चालेल. मी मध्ये बोलणार नाही.

पत्र इथेच संपवत होतो, पण ही म्हणते कागद इकडे द्या. म्हणून पुढचं अक्षर तिचं.

तुझा, आणि बाकी सगळं सोडून तुझाच,
सिग्नल

भाऊजी,

यांना लिहिता येतं, पण विचारता येत नाही, म्हणून मी लिहिते. आम्ही येईपर्यंत सावकाश आठवून ठेवा. ती खिडकीतून काय बघत होती, हसत होती का, कोणासारखी दिसत होती. त्या दिवशी मला तिला बघता आलं नाही.

तुमची वहिनी